पुसदच्या फ्रान्समधला आग्रह

पुसदमध्ये ज्यांनी मला चार माणसांत बोलताना ऐकलं आहे, त्यांना माझा मफलरचा किस्सा तोंडपाठ असेल. लग्नाच्या पंगतीत, निरोपसमारंभात, ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर मी तो कितीतरी वेळा सांगितला आणि दर वेळी हशा मिळवला. पण तो मी नेहमी अर्ध्यावर थांबवत आलो. हसू जिथे ओसरतं तिथून पुढचा भाग मी बायकोलाही सांगितला नाही. या अंकासाठी याआधी दोनदा लेख मागितला गेला, तेव्हा मी वर्गातल्या गमतीजमती लिहून वेळ मारून नेली. आता वयाची बहात्तर वर्षं झाली. यंदा किस्सा शेवटपर्यंत सांगतो.

पुसदच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवलं. पुसदमध्ये फ्रेंच कशाला, हा प्रश्न मला बसमध्ये, दवाखान्यात, एकदा तर स्मशानातही विचारला गेला आहे. उत्तर सोपं आहे. विज्ञान शाखेच्या मुलांना गुण हवे असतात. मराठीच्या पेपरात जीव ओतला तरी परीक्षकाचा हात आखडतो. फ्रेंच मात्र शून्यापासून सुरू होतं, प्रश्न ठरलेले असतात, आणि पाठांतर पक्कं असलं की नव्वदच्या घरात जाता येतं. लेखी ऐंशी, तोंडी वीस. तोंडीचे वीस मास्तरच्या हातात.

दर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी एखादे पालक विचारत, "सर, फ्रेंच घेतलं तं पोरगं फ्रान्सले जाईन काय?"

"नाही. मेडिकलला जाईल."

"मंग लिहा नाव."

मी इंग्रजीचा एम.ए. होतो. नागपूरला वसतिगृहात संध्याकाळी करायला काही नव्हतं म्हणून फ्रेंचचा दोन वर्षांचा वर्ग केला होता. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, "आपल्याकडं फ्रेंच कोणाले येते?" आणि मी हात वर केला. त्या हाताची किंमत पुढे कळायची होती. बाजारात मात्र मी तेव्हापासून 'फ्रेंच सर' झालो. भाजीवाली बाई हाक मारायची, "ओ फ्रेंच सर, मेथी घेऊन जा, ताजी हाय!"

व्याकरण मी चांगलं शिकवत असे. हे मी नम्रता बाजूला ठेवून लिहितो. क्रियापदांचे तक्ते मी असे घोटून घ्यायचो की आजही पुसदचे अर्धे डॉक्टर भूल देताना ते म्हणू शकतील. अडचण यायची ती संस्कृतीच्या धड्यांपाशी. पुस्तकात एक फ्रेंच कुटुंब होतं. ते टेबलाशी बसून जेवायचं, पाहुण्यांना बोलवायचं, सुट्टीत समुद्रावर जायचं. मुलं विचारायची, "सर, पाहुणे आले की ते आधी पाणी देतात का? चपला कुठं काढतात? जावई आला तर काय करतात?"

मी फ्रान्स पाहिलेला नव्हता. जिवंत फ्रेंच माणूसही पाहिलेला नव्हता. 'माहीत नाही' म्हणायला हरकत नव्हती. पण सगळ्या तालुक्यात एका विषयाचा एकच माणूस असला की त्याला 'माहीत नाही' म्हणण्याची सवय राहत नाही. मी उत्तरं देत गेलो, आणि ती आपोआप आमच्या घरातून येत गेली. माझ्या फ्रान्समध्ये पाहुण्याला आधी तांब्याभर पाणी मिळायचं. निरोप घेतलेला पाहुणा दारात उभा राहून आणखी अर्धा तास बोलायचा. (हे म्हणे खरं निघालं.) आणि माझ्या फ्रान्समध्ये जेवताना आग्रह असायचा. फ्रेंच माणूस पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. यजमानाने तीनदा विचारलं नाही तर पाहुण्याचा अपमान होतो. हे मी माझ्या नोट्समध्ये सुरेख फ्रेंच वाक्यांत लिहिलं होतं. त्या नोट्सच्या झेरॉक्स मोठ्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे जात राहिल्या. वीसेक तुकड्यांनी तो आग्रह पाठ केला.

आता सुजाताविषयी सांगतो. तिचे वडील दादाराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पोरगी दुसऱ्या बाकावर बसायची. बाकीची मुलं माझ्या नोट्स पाठ करायची. ही वडिलांच्या रेडिओवर फ्रेंच बातम्या लावून, अर्धं कळो न कळो, ऐकत राहायची. तिला भाषेतच पदवी घ्यायची होती, त्यासाठी पुण्याला जायचं होतं. एकदा यवतमाळच्या गाडीची वाट बघत मी डेपोत उभा होतो, तर दादाराव हात पुसत गाडीखालून बाहेर आले.

"सर, पोरीनं डोक्सं खाल्लं माह्यं. पुण्याले जातो म्हन्ते."

"हुशार आहे. जाऊ द्या की."

"मी म्हटलं, फ्रेंचमंदी कॉलेजात पहिली येऊन दाखव, तं धाडतो. नाही आली तं इथंच बीएस्सी कर. येवढ्या दूर पोरीले धाडाचं म्हन्जे नातेवाइकाइले सांगाले काही कारन तं पाह्यजे ना."

"येईल पहिली," मी म्हणालो.

त्या वर्षी ऑक्टोबरात मफलर प्रकरण घडलं. कापसाच्या पिकाचा अभ्यास करणाऱ्या एक फ्रेंच बाई जिल्ह्यात आल्या होत्या. आमच्या प्राचार्यांनी त्यांना कॉलेज दाखवायला आणि घरी जेवायला बोलावलं, आणि मला केबिनमध्ये घेऊन खांद्यावर हात ठेवला. "दुभाषा म्हणून तुम्ही. आपल्या घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?"

मी दोन रात्री झोपलो नाही. लिहिलेलं फ्रेंच मला येत होतं. समोरून सुसाट येणारं फ्रेंच मला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी, पस्तीस-छत्तीस डिग्रीच्या उन्हात, मी गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून कॉलेजात गेलो आणि खुणेनंच सांगितलं की घसा बसला. आमचे गणिताचे सर म्हणाले, "घसा बसला का हिंमत?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग दुभाषा कोण? प्राचार्यांनी सुजाताला वर्गातून बोलावलं. ती आली, बाईंना बोंझूर म्हणाली, आणि दोघी बोलायलाच लागल्या. अडखळायची, हातवारे करायची, बाई हसून तिला शब्द द्यायच्या, ती तो लगेच वापरायची. मी मफलरच्या आतून घाम पुसत बघत होतो. मला दर पाच शब्दांतला एक कळत होता.

प्राचार्यांच्या घरी पुरणपोळीचा बेत होता. दोन पोळ्या झाल्यावर बाईंनी हात आडवा केला. प्राचार्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. फ्रेंच सर तिथं होतेच. मी पुढे वाकून घोगऱ्या आवाजात सांगितलं, "तीनदा विचारा. त्यांच्यातही तसंच असतं."

वहिनींना तेवढंच हवं होतं. "घ्या हो मॅडम, एक तरी! माझ्या हातची!" बाईंनी नको म्हटलं, पोळी पडली. पुन्हा नको म्हटलं, पुन्हा पडली, वर तुपाची धार. पानात टाकणं त्यांच्यात चालत नसावं, कारण बाई पडेल ते संपवत होत्या आणि संपलेलं पान बघून वहिनी आणखी वाढत होत्या. पाचव्या पोळीला बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी गहिवरून म्हणाल्या, "बघा, माहेरची आठवण आली बिचारीला."

माझा किस्सा नेहमी इथे संपतो. लोक हसतात, मी पाणी पितो.

पुढे असं झालं. विश्रामगृहावर बाईंना सोडायला सुजाता गेली. तिनं घरून ओवा मागवला, बाईंना गरम पाण्यातून दिला आणि शेजारी बसून राहिली. बाईंना बरं वाटल्यावर दोघींच्या गप्पा झाल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुजाता शिक्षककक्षात माझ्या टेबलाशी आली. हळूच बोलत होती, पण खोली लहान होती.

"सर, मॅडम म्हणत होत्या, त्यांच्याकडे एकदा नको म्हटलं की विषय संपला. आग्रह करत नाहीत. आणि हवं असलं तर पहिल्यांदाच हो म्हणायचं, त्यात लाज नाही. मग आपल्या नोट्समधलं ते उत्तर…"

गणिताच्या सरांनी पेपर खाली घेतला. "काय फ्रेंच सर, पोरीनं सिलॅबसच बदलवला का?"

सगळे हसले. त्या हसण्यात काही विष नव्हतं, आम्ही रोजच एकमेकांना हसत असू. पण आदल्या दिवशीचा मफलर अजून माझ्या खुर्चीवर लटकत होता. मी म्हणालो, "ती बाई कुठल्या तरी खेड्यातली असेल. पॅरिसमध्ये तीनदाच विचारतात."

"बरं सर," सुजाता म्हणाली आणि गेली.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. माझी पद्धत अशी होती: डब्यात चिठ्ठ्या, चिठ्ठीत प्रश्न, एक जण समोर बसून उत्तर देणार आणि पुढचे दोघे मागच्या बाकावर थांबणार. सुजाताची चिठ्ठी मी उघडून वाचली. 'तुम्ही एका फ्रेंच कुटुंबात जेवायला गेला आहात. तिथले रीतिरिवाज सांगा.'

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मला काय ऐकायचं आहे हे तिला माहीत होतं. नोट्समधलं उत्तर तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. तिनं ते बाजूला ठेवलं आणि शांतपणे, स्वतःच्या वाक्यांत, खरं काय ते सांगितलं. फ्रेंच इतकं स्वच्छ होतं की त्या बाईंचं बोलणं पुन्हा ऐकतोय असं वाटलं. या वेळी मला शब्दन् शब्द कळला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सुजाताला हसलं की मला, हे मी आजही सांगू शकत नाही. त्या क्षणी मात्र मला खात्री होती.

मी वीसपैकी तेरा लिहिले.

आकडा लिहिताना मला डेपोतलं दादारावांचं बोलणं आठवलं होतं. हे मी मुद्दाम नोंदवतो. रागाच्या भरात विसरलो, असं म्हणायची सोय मला नाही.

तिच्यानंतर शहरातल्या एका डॉक्टरांचा मुलगा आला. त्याला योगायोगानं तसाच प्रश्न निघाला, आणि त्यानं माझा तीनदा आग्रह खडाखडा म्हणून दाखवला. त्याला एकोणीस दिले. निकाल लागला तेव्हा त्याचे फ्रेंचमध्ये त्र्याण्णव होते आणि सुजाताचे नव्वद. लेखीत ती त्याच्या तीन गुण पुढे होती.

दादाराव तरीही पेढे घेऊन घरी आले. "नव्वद म्हन्जे काही कमी हाय काय, सर? तुमचेच उपकार." सुजाता त्यांच्या मागे उभी होती. म्हणाली, "तोंडीत माझंच काहीतरी चुकलं असेल, सर."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी नीट लक्ष दे."

पुढची वेळ नव्हती. तिनं पुसदलाच बीएस्सीला नाव घातलं.

त्यानंतर दोन वर्षांनी एका दुपारी परदेशातून फोन आला. माझा जुना विद्यार्थी मंगेश, इंजिनिअर झालेला, कंपनीच्या कामानं फ्रान्सला गेला होता. "सर, तुमच्या नोट्सनं उपाशी मारलं ना मले!" सहकाऱ्यानं त्याला घरी जेवायला बोलावलं होतं. मंगेशनं माझ्या शिकवणीप्रमाणे दुसऱ्या वाढपाला नको म्हटलं. पुन्हा विचारतील म्हणून चमचा धरून बसला, तर ताटं उचलली गेली. "रूमवर येऊन चिवडा खाल्ला, सर! कायचा आग्रह आन् कायचं काय!" तो खो खो हसत होता. मीही हसलो. फोन ठेवल्यावर नोट्सची मूळ प्रत काढली आणि ते पान फाडून टाकलं. त्या दिवसापासून वर्गात एखादा प्रश्न अडला की मी म्हणायला लागलो, "मला माहीत नाही, आपण शोधू." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा पोरांना वाटलं सरांची तब्येत बरी नाही. शेवटची चार वर्षं मी खरोखर चांगला शिक्षक होतो. उशीर झाला होता, एवढंच.

मागच्या दिवाळीत माझी नात ओवी पुण्याहून आली. ती अकरावीत आहे, फ्रेंच घेतलंय. सुट्टीतही तिचा ऑनलाइन वर्ग चालू होता. मी स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन येत होतो, तर लॅपटॉपमधून ओळखीचा आवाज आला.

"आमच्या पुसदच्या सरांनी शिकवलं होतं की फ्रान्समध्ये जेवताना तीनदा आग्रह करतात." मुलं हसली. "हसू नका रे. चुकीचं होतं ते. पण त्यामुळे मला फ्रान्स कधी परका वाटला नाही. शेजारच्या गल्लीत असल्यासारखा वाटला."

मी दारातच थांबलो. ओवीनं घाबरत विचारलं, "मॅम, तोंडी परीक्षेत ब्लँक झालं तर?"

"होऊ दे. मी पण बारावीच्या तोंडीत गडबडले होते. तेरा मिळाले होते मला! काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. पण एका परीक्षेनं काही संपत नाही."

वर्ग संपल्यावर ओवी म्हणाली, "आजोबा, या सुजाता मॅम. तुमच्याच जिल्ह्यातल्या मारेगावहून शिकवतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्यांच्याकडे आहेत." जिला मी पुण्याला जाऊ दिलं नाही, तिच्याकडे आता पुण्याच्या मुली शिकत होत्या. सगळं चांगलंच झालं, असं म्हणायचा मोह मला झाला. मग ओवीकडून हिशोब कळला. दिवसा शाळेत विज्ञान शिकवून, संसार सांभाळून, एकेक परीक्षा बाहेरून देत तिनं जे अकरा वर्षांत मिळवलं, ते तीन वर्षांत होण्यासारखं होतं. आणि इतकी वर्षं ती स्वतःची एक चूक शोधत होती, जी कधी घडलीच नव्हती.

फोन नंबर घेतला आणि पुढच्या आठवड्यात पुसदहून निघालो. यवतमाळला गाडी बदलली. सबंध प्रवासात एकच वाक्य मराठीत आणि फ्रेंचमध्ये घोकत होतो. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना पाठांतर करायला लावलं, आता माझी पाळी होती.

दारात सुजातानं वाकून नमस्कार केला. दादाराव निवृत्त होऊन तिच्याकडेच राहायला आलेत. ऐकू कमी येतं, पण आवाज डेपोतलाच आहे. "अबब, फ्रेंच सर! या या! घसा बसला तं नाही ना?"

पाणी झालं, चहा झाला. मी सुरुवात केली, "सुजाता, तुझ्या बारावीच्या तोंडीबद्दल…"

दादारावांनी नेमकं तेवढंच ऐकलं. "हौ सर, तुम्ही चांगलं आठवन काढली! मी तं रोज म्हन्तो, सरायनं मार्क कमी देले म्हनून पोरगी जवळ राह्यली. इची माय आजारी पडली तं हेच होती उशाशी. पुण्याले गेली असती तं कोन पाह्यलं असतं? लई उपकार तुमचे."

मी सुजाताकडे बघितलं. ती पानं मांडत होती. "बाबा, सरांना जेवू द्या आधी," ती म्हणाली.

पातोड्यांची भाजी होती, भाकरी, आणि झणझणीत रस्सा. भाकरी संपत आल्यावर तिनं विचारलं, "सर, अजून?" मी नको म्हटलं. "थोडी?" नको म्हटलं. ती भाकरीची टोपली हातात धरून हसली. "सर, तिसऱ्यांदा विचारतेय. आता घ्यावीच लागेल, पुसदच्या फ्रान्सचा नियम आहे." दादारावही हसले, मीही हसलो. मी भाकरी घेतली. समोर म्हातारे दादाराव बापलेकीच्या सुखाचं श्रेय मला देत बसले होते. ते मोडायचं धैर्य मला झालं नाही. खरं तर दादारावांची ढाल मला आयतीच मिळाली होती, आणि मी तिच्यामागे लपलो, जसा एकदा मफलरमागे लपलो होतो.

ती मला बसस्टँडवर सोडायला आली. गाडी लागलेली होती. मी खिडकीशी बसलो, ती खाली उभी.

"सर, तुम्ही काहीतरी सांगायला आला होता ना?"

"काही नाही ग. सहज आलो."

"नक्की? एवढ्या लांब, सहज?"

"काही नाही," मी म्हणालो.

आणि वाट बघत राहिलो. हसू येईल तुम्हाला, पण बहात्तर वर्षांचा माणूस खिडकीचा गज धरून तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत होता. तिनं तो विचारला नाही. एकदा नको म्हटलं की विषय संपतो, हे तिनं फार लवकर आणि बरोबर शिकून घेतलं होतं. माझ्या मानासाठी तिनं दोनदा तरी विचारलं. गाडी हलली, तिनं हात केला.

हा अंक मारेगावच्या वाचनालयात जातो, मी चौकशी केली आहे. तेव्हा सुजाता, तू तिसऱ्यांदा विचारलंस असं समजून सांगतो. त्या दिवशी तू गडबडली नव्हतीस. चिठ्ठीतल्या त्या प्रश्नाचं अख्ख्या वर्गात खरं उत्तर एकट्या तुझंच होतं, आणि ते खरं आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं. चूक शोधणं आता थांबव. ती माझ्याकडे होती. मला माफ कर, पोरी.